अक्का, त्या दिवशी तुमची ओळ मी धरली नाही

अक्का, परवा तुमच्या दहाव्याला मला ‘दोन शब्द बोला’ म्हणाले आणि मी खरोखर दोनच शब्द बोलले. कष्टाळू आणि मनमिळाऊ. बाकी सगळी भरती. प्रवचन संपलं, सरपंचांनी माईक माझ्याकडं सरकवला, “घरच्याच शिक्षिका आहेत, त्याच बोलतील” म्हणाले. मी पदर सावरून उभी राहिले आणि केजच्या आमच्या शाळेत आजवर झालेल्या शोकसभांमधली वाक्यं एकामागून एक काढत गेले. पोकळी निर्माण झाली. कधीही भरून न निघणारी. लोकांनी माना हलवल्या, मागं बसलेल्या बायकांनी डोळे पुसले. कष्टाळू तर तुम्ही होतातच, त्यात माईकवर सांगण्यासारखं काय? आणि मनमिळाऊ तुम्ही मुळीच नव्हतात. पटलं नाही की समोर कोण बसलंय हे न बघता तोंडावर सांगायचात. घरातल्या निम्म्या माणसांशी तुमचा अबोला असायचा आणि उरलेल्या निम्म्यांना तो हवा असायचा.

मला सांगायचं होतं ते वेगळंच. एका घरात दिलेल्या आपण दोघी जावा, एक शाळेचं तोंड न पाहिलेली आणि एक बी.एड. झालेली, तीन हंगाम कापसाच्या रानात अशी गाणी ऐकत होतो, ज्यांतला एक शब्द दोघींनाही कळत नव्हता. आणि त्या तीन हंगामांइतकी मी नंतर कधी सुखात नव्हते. हे सांगितलं असतं तर त्यापुढचंही सांगावं लागलं असतं. त्याची हिंमत नव्हती, म्हणून कष्टाळू आणि मनमिळाऊ.

तो दिवाळीनंतरचा रविवार होता. आठवडाभर केजला शाळा, रविवारी वेचणीला गावाकडं यायचं, हा माझा तेव्हाचा नेम. जीपमधून तेलगावच्या फाट्यावर उतरून मी रानात आले, तर तुम्ही वेचायची ओळ, आपली पात, धरून निम्म्यावर गेला होतात. कमरेची ओटी कापसानं फुगलेली आणि त्या ओटीतच, कापसावर, तुमच्या लेकीनं, रेणुकानं, तुम्हाला दिलेला जुना फोन. कापसात बुडालेला आवाज येत होता. कुणीतरी बाई गात होती, जाड आवाजाची, मधूनच घसा दाटल्यासारखी.

“अक्का, हे काय लावलंय?”

“गाणं.”

“कुठलं?”

“आता ते मला ठावं असतं, तर मी मास्तरीण झाले नसते का?”

भजन ऐकता ऐकता फोननं आपल्या मनानंच ती बाई पुढं केली होती. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही चित्र बघून बोट लावायचात आणि चित्र लक्षात ठेवायचात. मी फोन हातात घेऊन बघितलं. “स्पॅनिश आहे अक्का,” मी म्हटलं, इंग्रजी शिकवणाऱ्या बाईच्या तोऱ्यात.

“म्हंजी कोणतं गाव?”

“गाव नाही. वीस एक देश आहेत ती भाषा बोलणारे.”

“लई मोठी सोयरीक हाय मग.”

“पण तुम्हाला कळतंय का त्यातलं काही?”

“न्हाई. पण बाई खरं बोलायलीय.”

मी हसले. दोन बोंडं वेचली आणि पुन्हा हसले. तिसऱ्या बोंडाला मात्र हात थांबला, कारण बाई खरंच खरं बोलत होती.

तिथून सुरू झालं. नावं तुम्हाला वाचता येत नव्हती आणि मला वाचता आली तरी उच्चारता येत नव्हती, म्हणून तुम्ही सगळ्यांचं बारसं केलंत. खांद्यावर जाड पांघरूण टाकून गाणारा म्हातारा तो घोंगडीवाला. जिन्यावर बसून गाणारी ती जिन्याची. एक तरुण पोरगी डोळे मिटूनच गायची, ती झोपाळू. आणि ती पहिली, घसा दाटलेली, ती नुसती ‘आपली’. “आपली लाव गं,” म्हणायचात. घोंगडीवाला ‘र’ असा घोळवायचा की तुम्ही म्हणालात, ह्याच्या तोंडात रहाट हाय. आपण दोघींनी तो ‘र’ म्हणून बघितला होता, आठवतं? मला जमला नाही. तुम्हाला पहिल्या झटक्यात जमला, बैल हाकायची सवय कामाला आली.

मला चटकच लागली. शाळेत मोकळ्या तासाला स्टाफरूमच्या खिडकीशी बसून मी कानात वायर घालायचे आणि तोंडासमोर पेपर तपासायचा गठ्ठा धरायचे. कळत नसल्याचं एक सुख असतं, ते मला चाळिशीच्या तोंडावर पहिल्यांदा समजलं. मराठी गाणं लागलं की मी शब्दांच्या मागं जाते, हे वाक्य बरोबर आहे का, ही उपमा कुठं ऐकलीय. इथं असली काही सोयच नव्हती. नुसता आवाज ऐकायचा. श्वास कुठं घेतला, कुठं हसू आवरलं, हे ऐकू यायचं.

एक शब्द मात्र सगळ्या गाण्यांत यायचा. कोरासोन. घोंगडीवाला म्हणायचा, झोपाळू म्हणायची, आपली तर दर कडव्याला म्हणायची. तुम्ही ठरवून टाकलंत की हा कुणीतरी माणूस आहे. “लई गुणाचा दिसतोय हा कोरासोन, समदे त्याच्यासाठी रडतेत.” मी आठवडाभरानं शोधून आणलं, की कोरासोन म्हणजे काळीज. तुम्ही जराशा हिरमुसलात. मग म्हणालात, “काळीज व्हय. मंग बराबर हाय.”

तिथंच थांबायला हवं होतं मी. पण मास्तरकी हाडात. मी गाण्यांचे शब्द मिळवू लागले, माझ्या टाचणवहीच्या मागच्या पानांवर देवनागरीत उतरवू लागले, फोनकडून त्यांचा अर्थ काढून घेऊ लागले. आपलीचं एक संथ गाणं होतं. ते लागलं की तुम्ही वेचता वेचता डोळ्याला पदर लावायचात. तुमच्या लेखी ती लेक सासरी धाडणारी आई होती. मी अर्थ घेऊन आले, मोठी बातमी आणल्यासारखी, आणि बांधावर भाकरी खाताना तुम्हाला सांगितलं की अक्का, ती आई नाही. ती दारू पिऊन उशिरा येणाऱ्या नवऱ्याला घरात घेणार नाही म्हणतेय.

तुम्ही घास खाली ठेवलात.

“कावून सांगितलंस?”

“खरं काय ते कळायला नको का?”

“तिला म्हणायचं ते ती म्हणली. मला आलं ते मला आलं. तू मधी कुठून आलीस?”

मी वाद घातला. म्हटलं, असं कसं, तिनं एवढं मनापासून लिहिलं आणि आपण भलतंच समजायचं, हा तिचा अपमान नाही का? तुम्ही म्हणालात, “ती हितं येऊन म्हणली का, माझा अपमान झाला म्हणून?” आणि मग, “तुला समदं कळतं, म्हणून तुला रडू येत न्हाई का गं, वर्शे?” मला राग आला होता त्या वाक्याचा. तो वाद आपण पुढं कितीदा घातला आणि प्रत्येकदा अर्धा सोडला. खरं सांगू, मला अजूनही तुमचं सगळं पटलेलं नाही. गाणाऱ्याचा शब्द समजून घेण्यात काही पाप नाही. पण हेही खरं की मी अर्थ लावलेली निम्मी गाणी माझ्यासाठी फिकी पडली, तुमची सगळी ताजी राहिली. यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ठाऊक आहे, म्हणून हयातीत हे मी कबूल केलं नाही.

त्या भांडणातूनच आपली ती रीत निघाली. तुम्ही म्हणालात, तू ते तुझ्या वहीतलं म्हण, मी माझं म्हणते. जात्यावर दोघी बसतात तसं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं धरायची. आपलीच्या चालीवर तुम्ही तुमची ओवी टाकायचात, त्या दिवशी जी सुचेल ती. कधी रानावर, कधी गायीवर, कधी घरातल्या एखाद्या अबोल्यावर. आणि ओवी संपली की मी आपलीचं धृपद धरायचे, स्पॅनिश, वहीत पाठ केलेलं, माझ्या मोडक्या ‘र’सकट. मग पुन्हा तुमची ओवी. लांबच्या वावरातून कुणी ऐकलं असेल तर त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. आपल्याला काही वाटत नव्हतं. मी एरवी घरात मोठ्यानं हसतही नसे, अक्का. तिथं मी गात होते.

आता ते सांगते, जे माईकवर सांगायला हवं होतं.

रेणुकाची हळद. दुपारची वेळ, दारातला मांडव, बायकांनी गच्च भरलेला. मी शाळेत आमंत्रण दिलं होतं आणि आमच्या मुख्याध्यापिका दोन मॅडमांना घेऊन केजहून आल्या होत्या. त्यांना पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या होत्या, बाकी सगळ्या खाली चटईवर. मी त्यांच्या खुर्चीशेजारी उभी, पाणी देते, फराळ देते, इकडची तिकडची ओळख करून देते. मला आठवतंय, मी त्या दिवशी बोलण्यात एकसुद्धा ‘हाय’ येऊ दिला नव्हता. सगळे ‘आहे’.

बायकांनी तुम्हाला आग्रह केला. नवरीची आई, पहिलं गाणं तुमचं. तुम्ही हळदीचे हात तसेच ठेवून बसलात, डोळे मिटलेत आणि आपलीच्या चालीवर सुरू केलंत.

“हळद लागली लेकीला, पिवळं झालं अंगण,
उद्या दुसऱ्याच्या दारी वाजंल हिचं कंगण…”

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. अशी चाल कुणी ऐकलीच नव्हती. आणि कडव्याच्या शेवटी तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत, हात वर केलात, “वर्शे, धर की गं!”

आमच्याकडं हळदीत ओळ रिकामी जाऊ देत नाहीत. घसा नसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा नुसतं ‘हूं’ करून ती धरतात. पण ही ओळ धरणार कोण? ती धरायचे शब्द साऱ्या मांडवात एका माणसाला येत होते, आणि ते माणूस खुर्चीच्या दांडीला धरून उभं होतं. मुख्याध्यापिकांनी मान वर करून मला विचारलं, “हे काय आहे हो? तुम्हाला येतं का?” चेष्टा नव्हती त्यांच्या बोलण्यात. नुसतं विचारलं. आणि मी हसून म्हणाले, “छे हो मॅडम. मला कुठलं येतंय. आमच्या अक्कांचं चालूच असतं काहीतरी.”

तुम्ही दोन हातांवर होतात. तुम्हाला ऐकू गेलं. मला दिसलं ते.

वर केलेला हात तुम्ही लगेच खाली घेतला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, धरील आता, लाजतेय जराशी. एका म्हातारीनं ‘हूं’ करायचा प्रयत्न केला, पण तिला चालीचा ठाव लागेना. मग पोरी खुदुखुदु हसायला लागल्या. मग तुम्हीच हसलात, “चुकलं गं बाई माझं,” म्हणालात आणि सगळ्यांना येणारं रोजचं हळदीचं गाणं सुरू केलंत. सगळ्यांनी धरलं. मीही धरलं, मोठ्यानं.

मला कशाची लाज वाटली होती? गाण्याची नाही. इंग्रजीच्या मॅडम रविवारी कमरेला ओटी बांधून, निरक्षर जावेबरोबर, रानात ओरडून गातात, हे त्या तीन खुर्च्यांना कळेल याची. कळलं असतं तर काय झालं असतं? त्यांतल्या एकीनं मला नंतर सांगितलं की त्याही घरी ओट्याशी असलंच परदेशी काहीतरी ऐकतात, कोरियन, आणि त्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. तोंडावर सांगणाऱ्या तुम्ही, भावकीतल्या भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या, मला काही बोलला नाहीत. मी वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर मला माफी मागता आली असती. पुढच्या हंगामात मी रानात आले, तर तुम्ही पात दुसऱ्या टोकाकडून धरली होती. ओटीत फोन नव्हता. भाकरीला एकत्र बसलो, तुम्ही मला ठेचा वाढलात, माझ्या शाळेचं विचारलंत. सगळं नीट. मी टाचणवही पिशवीत आणली होती, ती तशीच परत नेली. त्याच्या पुढच्या हंगामात तर आणलीही नाही.

अंबाजोगाईला तुम्हाला दाखल केलं, तेव्हा मी तीनदा आले. तिसऱ्या वेळी कानातली वायर पर्समध्ये होती. मी ठरवून आले होते, आज एक बोंडी तुमच्या कानात, एक माझ्या, आणि आपली लावायची. बोलायची गरजच पडली नसती. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, बारीक झाला होतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक आपल्याकडं बघत होते. मी पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, चेन लावली. डॉक्टर काय म्हणाले, जेवण जातंय का, असलं विचारत बसले. निघताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “वर्शे, तुला एक बोलायचं हाय. घरी आल्यावर बोलते.” मला वाटलं, आता येणार ते. दोन वर्षं साठवलेलं. खोटं कशाला बोलू, तुम्ही घरी लवकर येऊ नये असं मला एक क्षण वाटलं. तुम्ही आलाच नाहीत.

हे लिहायला बसले ते काल रेणुकाशी जे बोलणं झालं त्यामुळं. दुपारी भेटायला आलेली माणसं गेली होती. ती आणि मी भिंतीला टेकून बसलो होतो, चहाचे कप इकडंतिकडं पडलेले. ती अचानक म्हणाली, “काकू, आईनं मागितली का तुमची माफी?”

“कशाची माफी?”

“माझ्या हळदीची. लई मनाला लावून घेतलं व्हतं तिनं. म्हणायची, तिच्या साळंतल्या मोठ्या बाया आल्या व्हत्या, आन मी भरल्या मांडवात तिला धर म्हणलं. तिला कुठलं येतंय ते. माझंच येड, उगं तिला खाली बघायला लावलं. समद्यांना हेच सांगायची ती. कुणी चिडवू नका म्हणायची तुमाला.” तिनं एक कप जवळ ओढला. “दवाखान्यात पण म्हणली, वर्षाला सांगायचं राहिलंय.”

अक्का, तुम्हाला ठाऊक होतं की मला येतं. तीन हंगाम तुम्ही माझ्या तोंडून ते ऐकलं होतं. माझं खोटं तुम्ही गावाला खरं म्हणून सांगत फिरलात आणि वर माझीच माफी मागायला निघालात.

“येत होतं मला,” मी म्हणाले.

“काय?”

“ते गाणं. सगळं येत होतं. रानात दर रविवारी म्हणायचो आम्ही. त्या दिवशी मी मुद्दाम गप्प बसले.”

रेणुका माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. हिशेब लागत नाही तसं.

“मंग आईला कावून न्हाई सांगितलं, चुकलं म्हणून?”

“सांगायचं होतं गं. वेळ सापडली नाही.”

“दोन वर्सं व्हती की आई,” ती म्हणाली. “हितंच व्हती.”

आणि ती कप गोळा करायला उठली.